शर्वरीनं पाणी सोडायचं नाही

पान दोनशे एकतीसच्या समासात मी लाल पेनानं लिहिलं, ‘इथं सगळे मेले.’ पान उलटलं, तर पुढच्या पानावर सगळे जिवंत. नुसते जिवंत नाहीत, टाळ्या वाजवत होते. मी चष्मा काढला, पुसला आणि तेच पान पुन्हा वाचलं. माझी काही चूक होत नव्हती. ही एवढी माणसं मेलीच पाहिजे होती.

आधी माझं काम काय ते सांगतो. खालापूर तालुक्यातल्या एका कागद कारखान्यात मी तेहतीस वर्षं बॉयलर हाऊसमध्ये काढली. अटेंडंट म्हणून लागलो, इन-चार्ज म्हणून रिटायर झालो. आता कर्जतला भिसेगावात राहतो. बॉयलर म्हणजे लोखंडाचं एक प्रचंड बंद पातेलं. खाली आग, आत पाणी, वर कोंडलेली वाफ. त्या वाफेवर कारखाना चालतो. घरातला कुकर फुटला तर छताला भोक पडतं. बॉयलर फुटला तर छत शोधावं लागतं. म्हणून त्याच्यापाशी सतत एक सर्टिफिकेटवाला माणूस उभा लागतो, आणि तो माणूस मी होतो.

कादंबऱ्या तपासणं हे माझं काम नव्हे. आयुष्यात पाच-सहा वाचल्या असतील, त्यातल्या निम्म्या अर्ध्यावर सोडल्या. पण एके दिवशी पुण्याहून फोन आला.

“गायकर ना? बॉयलरवाले?”

“रिटायर्ड बॉयलरवाले.”

“चालेल. मी वर्तक, एका प्रकाशन संस्थेची संपादक. आमच्याकडे एक कादंबरी आली आहे. तिच्यात पानोपानी बॉयलर आहे. वाचून काय चुकलंय ते सांगाल का? मागच्या एका पुस्तकात आम्ही सतारीला चारच तारा लावल्या होत्या. त्याची पत्रं अजून येतात.”

माझं नाव त्यांना लेखिकेनंच दिलं होतं. दीपाली तिचं नाव. चौक गावाजवळच्या लोधिवलीची मुलगी, कर्जतच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. एकदा तिच्या वर्गापुढे मी कारखान्यातल्या सेफ्टीवर बोललो होतो. मुलं जांभया देत होती आणि ही बाई मागच्या बाकावर बसून वहीत भराभरा लिहीत होती. तेव्हा वाटलं होतं, चला, निदान टीचर तरी ऐकतायत. ती कादंबरीसाठी माल भरून घेत होती हे आता कळलं.

प्रूफ कुरिअरनं आलं. प्रूफ म्हणजे छापण्याआधीची पानं, दुरुस्तीसाठी काढलेली. पहिल्याच पानावर ‘स्टीमपंक’ असा शब्द होता. मी दीपालीला फोन लावला.

“हे पंक काय आहे?”

“काका, असं समजायचं की जगात वीज आलीच नाही. सगळं जग वाफेवरच पुढं गेलं. गाड्या वाफेवर, घड्याळं वाफेवर, विमानंसुद्धा वाफेवर.”

“म्हणजे आमच्या भिवपुरीच्या पॉवर हाऊसवर सगळे घरी बसले, आणि मला भाव आला.”

“तसंच समजा,” ती हसून म्हणाली.

मला हे जग आवडलं. लपवून काय करायचं?

गोष्ट अशी. शर्वरी नावाची शास्त्रज्ञ बाई. डोंगरात वसलेलं राज्य. राजाच्या दरबारातले पंडित म्हणतात, बाईनं यंत्राला हात लावला तर यंत्र रुसतं. ही कुणाचं ऐकत नाही. ती वाफेवर उडणारं विमान बांधते, नाव ‘घार’. वरच्या गडावर साथीच्या तापानं लोक मरतायत, त्यांना औषध पोचवायचं असतं. मधे घाट, घाटात तांब्याची वटवाघळं. ती वटवाघळं बोलतात. त्यांना मी हरकत घेतली नाही, कारण तो विषय माझ्या अनुभवाबाहेरचा होता. ती काय जाळून उडतात एवढं समासात विचारलं.

बाकी काम मी बॉयलर इन्स्पेक्शनसारखं केलं. सेफ्टी व्हॉल्व्ह कुठं आहे, पाणी कुठून येतं, राख कुठं जाते. पोरीनं अभ्यास चांगला केला होता. बारीकसारीक बारा-पंधरा दुरुस्त्या निघाल्या, त्या लिहिल्या. आणि मग ते पान आलं.

घार घाटाच्या माथ्यावर पोचते. खाली दरी. इंजिनाचा जोर ओसरतो. शर्वरी बॉयलरकडे धावते. पाण्याची काच रिकामी! बॉयलर कोरडा पडलाय, पत्रा लालबुंद झालाय. कप्तान ओरडतो, सगळे रडतात. शर्वरी क्षणाचाही विचार न करता पितळी चाक फिरवते, थंड पाणी धो धो आत घुसतं, वाफ उसळते आणि घार गडावर झेपावते. टाळ्या.

क्षणाचाही विचार न करता! हे तर खरंच होतं.

रविवारी दीपाली स्कूटरवरून घरी आली. हेल्मेट काढता काढताच म्हणाली, “काका, ‘सगळे मेले’ म्हणजे काय? तुम्हाला सीन आवडला नाय का?”

“सीन चांगला आहे. पण तुझी शर्वरी खुनी आहे.”

मी समजावलं. बॉयलरला बाहेरून एक उभी काचेची नळी असते, तिला गेज ग्लास म्हणतात. आत पाणी किती आहे ते त्या नळीत दिसतं. पाणी खाली गेलं की आगीच्या वरचा पत्रा उघडा पडतो आणि तापून लाल होतो. अशा वेळी आमच्या धंद्यात पहिला नियम, पाणी द्यायचं नाही. तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारला की काय होतं? तो तवा खोलीएवढा आणि चारी बाजूंनी बंद आहे असं समज.

“पण पाण्यानं पत्रा थंडच होईल ना?” ती म्हणाली. “उष्णता शोषली जाईल की.”

“तू फिजिक्सची. तू सांग, पाण्याची वाफ किती होते?”

तिनं प्रुफाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडले. सोळाशे पट, असं पुटपुटली. मग किती पाणी, किती वेळात, किती जागेत. पेन्सिल थांबली. तिचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. सात वर्षं ती पेपर तपासून, घरचं करून, उरलेल्या वेळात ही कादंबरी लिहीत होती. आणि जिच्यासाठी लिहिली त्या शास्त्रज्ञ बाईला ऐन मोक्याला शास्त्र येत नव्हतं.

“मग तिनं काय करायचं?” तिनं विचारलं.

“आगीवर ओली राख टाकायची. हवा बंद करायची. आणि गप उभं राहायचं.”

“ओली राख?”

“आग नुसती बाहेर ओढायला गेलं तर ती आणखी भडकते. म्हणून भिजवलेली राख पसरायची. आग जागच्या जागी दबते.”

“काका, म्हणजे माझी हिरॉइन क्लायमॅक्सला स्वतःचंच विमान बंद पाडते?”

“हो.”

“आणि मग?”

“मग सगळे तिला शिव्या घालतात.”

ती माझ्याकडे बघायला लागली. “तुम्हाला कसं ठाऊक?”

ही गोष्ट मी घरात सोडून कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी तिला सांगितली.

मी तेव्हा अटेंडंट होतो, तिशीच्या आतला. दुपारची शिफ्ट घ्यायला गेलो. आधीच्या माणसानं लॉगबुकात लिहिलं होतं, ‘वॉटर लेव्हल फुल’. मी काचेकडे बघितलं. काच स्वच्छ, पाण्याची रेघ कुठंच नाही. आता इथं एक गंमत आहे, जी बाहेरच्या माणसाला माहीत नसते. काच काठोकाठ भरली तरी रेघ दिसत नाही आणि पूर्ण रिकामी झाली तरी दिसत नाही. दोन्ही सारख्याच दिसतात. आधीच्या माणसानं ती भरलेली धरली. मला खात्री वाटेना. मी काचेखालचा कॉक, म्हणजे छोटा नळ, उघडला. आत पाणी असतं तर पाणी आलं असतं. नुसती वाफ फुसफुसली.

मी आगीला हवा देणारा फॅन बंद केला. फावडं घेतलं आणि ओली राख टाकायला लागलो. प्लँट मॅनेजर धावत आले. ऑर्डर घाईची होती. “गायकर, प्रेशर पडतंय! पाणी सोड, कोळसा टाक!” मी म्हटलं, “साहेब, पाणी सोडणार नाही.” “अरे, काच भरलेली आहे, वाफ जाते तेवढं पाणी देत राहायला भितोस कशाला?” मी म्हटलं, “रिकामी आहे.” ते पंपाकडे निघाले, तर मी फावडं आडवं धरून मधे उभा राहिलो. इतकं काही शूर वगैरे वाटत नव्हतं. पाय लटपटत होते. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि नोकरी गेली तर काय, एवढंच डोक्यात होतं.

कारखाना बंद पडला. मला मेमो मिळाला, ‘वरिष्ठांची अवज्ञा व उत्पादनाचे नुकसान’. बॉयलर थंड झाल्यावर उघडला, तर आगीवरचा पत्रा निळा पडून खाली फुगलेला. सरकारी बॉयलर इन्स्पेक्टर आत वाकून गेले, त्या फुगवट्यावर तळहात ठेवून बराच वेळ तसेच राहिले. बाहेर येऊन विचारलं, “ड्यूटीवर कोण होतं?” मी पुढं झालो. “पाणी सोडलं नाहीस ना?” “नाही, साहेब.” त्यांनी मान डोलावली आणि गेले. मेमो काही मागे घेतला गेला नाही. स्फोट झालाच नव्हता, मग मी वाचवलं तरी काय? माझ्या फाईलमध्ये तो कागद अजून असेल.

दीपालीचा चहा निवला होता. ती म्हणाली, “काका, मी हेच लिहिणार.”

“तुझ्या वर्तक मॅडमना विचार आधी.”

दीपालीनं फोन स्पीकरवर लावला आणि मॅडमनी माझ्या मेमोसकट सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “दीपाली, पुढच्या आठवड्यात पुस्तक प्रेसला जातंय. कव्हर तयार आहे. कव्हरवर शर्वरी पितळी चाक फिरवतेय. आणि अडीचशे पानं वाचून वाचकाला काय मिळणार, तर विमान बंद पडलं?”

“पण मॅडम, ते चूक आहे.”

“तुझी वटवाघळं बोलतात, दीपाली.”

इथं मला राहवलं नाही. “मॅडम, वटवाघळं खोटी आहेत हे वाचकाला माहीत आहे. पाणी सोडलं की वाचतो, हे त्याला खरं वाटेल. इकडं खालापूर-खोपोलीत किती पोरं बॉयलरवर आहेत, तुम्हाला कल्पना नाही.”

“गायकर, बॉयलरवरची पोरं कादंबऱ्या वाचत नाहीत.”

“मग माझं नाव पुस्तकातून काढा. ज्या बॉयलरवर मी सही केली तो फुटलेला मला चालणार नाही.”

“काढते,” मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं विषय संपला. पण दीपालीनं फोन स्वतःजवळ ओढला. “मॅडम, माझं पण नाव काढा मग. शर्वरी शास्त्रज्ञ आहे. तिला हे ठाऊक असलंच पाहिजे. नायतर ते दरबारातले पंडित बरोबरच होते असं होईल.” दीपाली पुढं म्हणाली, “एकदा खालापूरला या. काकांच्या बॉयलर हाऊसमध्ये दोन काचा बघा, एक भरलेली, एक रिकामी. भरलेली कुठली ते तुम्ही ओळखलीत तर जुना शेवट छापा. मी एक शब्द बोलणार नाय.”

ही पैज लावण्याआधी तिनं मला विचारलं नव्हतं. सात वर्षांची मेहनत तिनं एका काचेवर लावली होती आणि ती काच साफ ठेवायची की मळकी हे माझ्या हातात होतं. मी ठरवलं की काहीही लबाडी करायची नाही.

कारखान्यात आता इन-चार्ज आहे तो युनूस. माझ्याच हाताखाली तयार झालेला, पन्नाशी ओलांडलेला गडी. मी फोन केला तर म्हणाला, “साहेब, दोन नंबरचा बॉयलर बंदच हाय. वर्षाच्या इन्स्पेक्शनसाठी गार करून काठोकाठ पाणी भरलंय. कवापण या.” चालू बॉयलरवर असले खेळ मी कुणाला करू दिले नसते.

मॅडम सकाळीच गाडीनं आल्या. खादीची साडी, पायांत चपला. युनूसनं त्यांना सेफ्टी शूज आणि हेल्मेट दिलं, आणि मॅडमनी कुरकुर न करता ते घातलं. तिथं माझं त्यांच्याबद्दलचं मत थोडं सुधारलं.

प्रत्येक बॉयलरला दोन गेज ग्लास असतात, एक बिघडली तर दुसरी बघायला. मी दोन्ही पुसून घेतल्या. मग मॅडमना बाहेर पाठवून एका काचेचे कॉक बंद केले, तिच्यातलं पाणी काढलं आणि ती आतून कोरडी केली. दुसरी काठोकाठ भरलेलीच ठेवली. मॅडमना आत बोलावून जिथं अटेंडंट उभा राहतो तिथं उभं केलं.

“सांगा, मॅडम.”

मॅडमनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. चष्मा वर केला, खाली केला. पुढं सरकल्या, तर युनूस म्हणाला, “तिथनंच, मॅडम. चालू असंल तेवा जवळ जाता येत नाय.” दीपाली माझ्या शेजारी ओढणीचं टोक पिळत उभी होती. मॅडमना दोन-तीन मिनिटं लागली. संपादक बाई, अक्षर अन् अक्षर तपासणारी. नजर तयार होती.

“डावी भरलेली आहे,” त्या म्हणाल्या. “तिच्यात थोडी चमक आहे.”

युनूसनं डाव्या काचेखालचा कॉक उघडला. थेंब पडला नाही. मग उजव्या काचेचा उघडला, तर पाण्याची धार त्याच्या बुटांवर आली.

“मॅडम,” युनूस अगदी अदबीनं म्हणाला, “तुमी आत्ता आमच्यासकट गेलात.”

मॅडम हसल्या नाहीत. त्या डाव्या काचेकडे बघत राहिल्या. “आणि त्या माणसानं लॉगबुकात ‘फुल’ लिहिलं होतं,” असं स्वतःशीच म्हणाल्या.

गोष्ट इथं संपली असती तरी मला चाललं असतं. पण दीपाली एव्हाना वेगळ्याच नादात होती. तिनं पर्समधून प्रुफाचं पान काढलं, कोऱ्या बाजूवर पेननं जाड तिरक्या रेघा मारल्या आणि कागद रिकाम्या काचेच्या मागे धरला. रेघा होत्या तशाच दिसल्या. मग भरलेल्या काचेच्या मागे धरला. काचेतून दिसणाऱ्या रेघा उलट्या बाजूला कलल्या.

“काका, बघा! नळीत पाणी असलं की तिचं भिंग होतं. डावं-उजवं उलटतं. लांबून पण कळेल, वाफ सोडून बघायला नको.”

मी म्हटलं, “अगं, जुन्या बॉयलरला काचेमागे अशा रेघांची पट्टी असायची. आमची घासून घासून कोरी झाली आणि नवी कुणी लावली नाही. रेघ उलटली की पाणी आहे, एवढं आम्हाला शिकवलं होतं.”

“का उलटते ते?”

“ते नाही विचारलं कधी.”

तेहतीस वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता, आणि हिनं ती पट्टी न बघता पाच मिनिटांत शोधून काढली. मला त्या पोरीचा इतका अभिमान वाटला, की जणू तिला मीच फिजिक्स शिकवलं होतं. युनूस तर तो कागद हातात घेऊन दोन काचांमध्ये येरझारा घालत होता.

“हे शर्वरी शोधेल,” दीपाली म्हणाली. “पहिल्याच भागात. पंडित हसतील तिच्या रेघांना. आणि शेवटी कप्तान ओरडेल, काच भरलेली आहे, घाबरतेस काय, पाणी सोड. तेव्हा ती रेघांकडे बघेल. त्या उलटलेल्या नसतील.”

मॅडमनी हेल्मेट काढलं. “आणि वाचकाला कसं कळणार की ती बरोबर होती? स्फोट तर झालाच नाही.”

“फुगलेला पत्रा,” मी म्हटलं. “विमान उताराला टेकलं की बॉयलर उघडायचा. आत हात घालून बघायचा.”

“कुणी?”

“कप्तानानं. ज्यानं शिव्या घातल्या त्यानं.”

मॅडमनी हेल्मेट युनूसच्या हातात दिलं. मग दीपालीला म्हणाल्या, “दहा दिवस देते. कव्हरचं मी बघते.”

त्या दहा दिवसांत दीपालीनं मला रोज फोन केला. ओल्या राखेचा वास कसा असतो? फावडं किती जड? आग दबताना आवाज कसा येतो? मॅनेजरच्या डोळ्यांकडे बघत होता की फावड्याकडे? असलं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सांगता सांगता मलाच आठवत गेलं. एकदा तर मी फोनवर बोलता बोलता उठून उभा राहिलो आणि फावडं कसं धरलं होतं ते स्वयंपाकघरात करून बघितलं. बायको म्हणाली, “तुमी बसा बरं खाली.”

नवी पानं आली. मी लाल पेन उघडून बसलो. शर्वरी रेघांकडे बघते. खात्रीसाठी खालचा कॉक उघडते, नुसती वाफ फुसफुसते. कप्तान ओरडतो. ती स्वतःच्या हातानं पेटवलेल्या आगीवर ओली राख टाकते. सगळं विमान शांत होतं. घार हळूहळू खाली येते आणि उतारावर कारवीच्या झुडपांत टेकते. लोक तिला नाही नाही ते बोलतात. मग कप्तान बॉयलरच्या पोटात वाकतो, फुगलेल्या पत्र्यावर तळहात ठेवतो, आणि बाहेर येऊन डोक्यावरचा फेटा काढतो. नंतर सगळे मिळून औषधाची खोकी डोक्यावर घेऊन पायी गड चढतात. मी चष्मा काढून ठेवला, कारण अक्षरं दिसेनात.

एकच दुरुस्ती केली. दीपालीनं लिहिलं होतं, ‘फावडं उचलताना शर्वरीचा हात जराही थरथरला नाही.’ मी ‘जराही’वर काट मारली, ‘नाही’ खोडलं आणि समासात लिहिलं, ‘थरथरू दे.’ ती दुरुस्ती तशीच छापली गेली.

पुस्तक निघालं. कव्हरवर शर्वरीच्या हातात फावडं आहे. आतल्या पानावर ‘तांत्रिक तपासणी’ असं लिहून माझं नाव आहे. नोकरीत माझं नाव छापून आलं ते फक्त ड्यूटी चार्टवर. त्या पानाचा फोटो काढून मी सगळ्या नातेवाइकांना पाठवला, आणि ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना परत पाठवला.

मग एक दिवस युनूसनं बोलावलं. बॉयलर हाऊसमध्ये गेलो तर गेज ग्लासमागे तिरक्या रेघांची नवी कोरी पट्टी. आणि शेजारच्या भिंतीवर, लॅमिनेट करून लावलेलं कादंबरीचं ते पान.

“पुस्तक फाडलंस?” मी ओरडलोच.

“दोन घेतली, साहेब. एक फाडायला, एक वाचायला. वाचायचं हाय ते माज्या हाताला लागत नाय. ह्ये पान वाचलं की पोरं इचारतात, पुढं काय झालं तिचं? मग पुस्तक घिऊन जातात.”

त्याच भिंतीवर मी इन-चार्ज असताना लावलेला बोर्ड अजून होता. ‘काचेत पाण्याची पातळी दिसत नसल्यास पाणी देऊ नये.’ वाक्य बिनचूक आहे. रंग उडाला म्हणून तो मी दोनदा नव्यानं रंगवून घेतला होता. पण त्याच्यापुढे उभं राहून तो वाचणारा माणूस माझ्या सगळ्या नोकरीत मला दिसला नाही. तेव्हा नव्या इंजिनिअर मंडळींना अनुभवाचं एवढंच सांगणं आहे. सूचना लिहायची असेल तर तिच्यात एखादं माणूस घाला, आणि त्या माणसाला थोडी भीती वाटू द्या.

तेवढ्यात दोनचा भोंगा झाला आणि शिफ्ट बदलली. काचेखालचा कॉक उघडून बघायचा, ही टेस्ट दर शिफ्टला घ्यावीच लागते. पूर्वी तिच्यासाठी मला ओरडावं लागे. नवा अटेंडंट आत आला, त्यानं डबा ठेवला आणि जाणाऱ्याला हाक मारली.

“शर्वरी घेतली का रं?”

“घेतली. पाणी हाय.”